‘आता पुरे’ कुणी म्हणायचं?

(शिंदखेडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘तत्त्वज्ञान आणि रोजचं जगणं’. इतका मोकळा विषय दिला की माणूस त्याचा गैरफायदा घेतोच. तसा मी घेणार आहे. आज जे बोलणार आहे ते आपल्याकडे सहसा माजघरात, दार लोटून बोललं जातं. इथे माईकवर बोलताना मलाही जरा अवघड वाटणार आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

महिन्याभरापूर्वी एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. शाळेत शिकवते, वय बेचाळीस. लग्नाला पंधरा वर्षं झाली. दोनदा आयव्हीएफ केलं. पहिल्यांदा राहिलंच नाही. दुसऱ्यांदा राहिलं आणि नवव्या आठवड्यात गेलं. आता डॉक्टर म्हणतात, पुन्हा एकदा करून बघू. नवरा म्हणतो, तू म्हणशील तसं. सासू म्हणते, देवीला जाऊन ये. आई म्हणते, “माय वं, आते बस.” आणि ती मला विचारते, “सर, पुन्हा करावं का?”

मी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली, तीसेक वर्षं वर्गात उभा राहिलो. पण इतका सरळ प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. मी उत्तर दिलं नाही, आज इथेही देणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण फोन ठेवल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. ‘पुन्हा करावं का’ हा प्रश्न तिच्या आजीला पडलाच नसता. मूल नसल्याचं दुःख आजीच्या वाट्याला येऊ शकत होतं, टोमणे येऊ शकत होते, सवत येऊ शकत होती. प्रश्न मात्र येत नव्हता. बेचाळिसाव्या वर्षी गोष्ट संपलेली असायची, आणि ती कुणी संपवली असं विचारायचं नसायचं. म्हणजे हा प्रश्न नवा आहे, जेमतेम पन्नास वर्षांचा. पण त्याच्या मागे एक जुना प्रश्न आहे, तो असा: वाट बघणं थांबवायचं कधी, आणि ‘आता पुरे’ कुणी म्हणायचं?

जुन्या माणसांनी याची उत्तरं देऊन ठेवली होती, आणि ती ऐकायला फारशी गोड नाहीत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात चक्क हिशोब मांडलाय. बायको वांझ असली तर आठव्या वर्षी दुसरी करावी. मुलं होऊन मरत असतील तर दहाव्या वर्षी, मुलीच होत असतील तर अकराव्या वर्षी. वर्षं मोजून दिली आहेत बघा, सरकारी खात्यातल्या मुदतीसारखी. दोष कुणाचा याची चौकशी नाही. मुदत संपली की बाईची फाइल बंद. आपल्याला हे क्रूर वाटतं आणि ते आहेच. पण एक गोष्ट ध्यानात घ्या, त्यात थांबायची जागा ठरवलेली होती. ती बाईच्या पाठीवर ठरवली होती, हा भाग वेगळा.

उपनिषदांत गंमत अशी की एकाच पोथीत दोन्ही टोकं सापडतात. बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायात अशा जुन्या ज्ञानी लोकांचा उल्लेख आहे, ज्यांनी संततीची इच्छाच सोडून दिली. आणि त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, कसं मूल हवं असेल तर नवराबायकोने कोणता भात शिजवून खावा याची यादी आहे. विदुषी मुलगी हवी असेल तर तिळाचा भात, असंही त्यात येतं. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. मी म्हणायचो, हसू नका. घरंही अशीच असतात. एकाच घरात, कधी एकाच माणसाच्या डोक्यात, दोन्ही अध्याय उघडे असतात.

दत्तकाकडे येऊ. आपल्या मराठी इतिहासात हा विषय राजकारणात आला म्हणून त्याच्या तारखा नीट सापडतात. सामान्य घरांच्या तारखा कोण लिहून ठेवतो?

साताऱ्याचे महाराज शहाजी, म्हणजे अप्पासाहेब, ५ एप्रिल १८४८ला वारले. मूल नव्हतं. दत्तक घेतला तो मरणाच्या काही तास आधी. डलहौसी त्याच वर्षी जानेवारीत गव्हर्नर जनरल म्हणून आला होता. त्याने तो दत्तक मानला नाही, सातारा खालसा झाला. झाशीच्या गंगाधररावांचं एक बाळ काही महिन्यांचं होऊन गेलं, १८५१मध्ये. त्यानंतर दोन वर्षं गेली. आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेतला, त्याचं नाव दामोदर ठेवलं, ती तारीख २० नोव्हेंबर १८५३. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव गेले. पुढचं आपल्याला पाठ आहे. आणि नागपूरचे तिसरे रघूजी भोसले त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारले, त्यांनी तर हयातीत दत्तक घेतलाच नाही.

शाळेत आपण हे ‘इंग्रजांचा कावा’ म्हणून शिकलो आणि तो कावा होताच. पण आज मला त्या तारखांकडे दुसऱ्या बाजूने बघायचंय. एक काही तास आधी, एक आदल्या दिवशी, एक नाहीच. राज्य जातंय हे समोर दिसत असताना ही माणसं इतकी का थांबली? त्यांच्या मनातलं कागदावर नाही, म्हणून हा माझा अंदाज समजा. दत्तक घेणं म्हणजे आपल्याला आता होणार नाही हे चारचौघांत, ब्राह्मणांसमोर, रेसिडेंटसमोर मान्य करणं. होमात समिधा पडली की आशा संपल्याची नोंद झाली. ती नोंद करायला हात उचलत नाही. मग मरणच येऊन सांगतं की आता सही कर.

याच्या समोर मला एक दुसरं घर ठेवायचंय. जोतीराव आणि सावित्रीबाई. त्यांनी यशवंतला दत्तक घेतलं ते १८७४मध्ये. सावित्रीबाईंचा जन्म १८३१चा. म्हणजे तेव्हा वय त्रेचाळीस. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या एक वर्ष पुढे. जोतीराव सत्तेचाळीसचे. त्या काळात दुसरं लग्न करायला कायद्याची आडकाठी नव्हती, समाजाची तर उलट ढकलगाडी होती. जोतीरावांनी केलं नाही. फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी त्यांनी १८६३मध्ये घर उघडलं होतं, आणि यशवंत हा अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. भाऊबंदातला, आपल्या जातीतला, आपल्या रक्ताचा अशी कुठलीही खूणगाठ नाही. मुलाला शिकवला, तो डॉक्टर झाला. १८९०मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून नातलगांनी वाद घातला, दत्तक मुलाचा हक्क मानायला ते तयार नव्हते. सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हातात घेतलं. आणि १८९७च्या प्लेगात यशवंतांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता त्या गेल्या. हे सगळं आपण समाजसुधारणेच्या धड्यात वाचतो. चाळिशीतल्या एका निपुत्रिक जोडप्याची गोष्ट म्हणून ते वाचायचं आपल्याला सुचत नाही. त्यांनी मरणाची वाट न बघता आपल्या हाताने एक गोष्ट थांबवली आणि दुसरी सुरू केली, एवढं मला त्यात दिसतं.

आपल्या खानदेशातल्या घरांत काय होतं? दिराचा मुलगा, बहिणीचा मुलगा मांडीवर द्यायचा. देवीला नवस बोलायचा. धुळ्याची एकवीरा आहे, वणीची सप्तशृंगी आहे, आपल्या पाटणची आशापुरी तर नावातच आशा घेऊन बसलीय. नवसाला मी नावं ठेवणार नाही. नवसात एक सोय होती. पदर पसरला, बोलून टाकलं, आता देवी बघेल. ओझं काही काळ तरी दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर जायचं.

आणि सवत. मुंबई इलाख्यात हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला बंदी आली ती १९४६च्या कायद्याने, म्हणजे देशभरातला हिंदू विवाह कायदा यायच्या नऊ वर्षं आधी. त्याला आव्हान दिलं गेलं. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांच्यापुढे १९५१मध्ये ‘नरसू अप्पा माळी’ हा खटला चालला. पुत्राशिवाय गती नाही, म्हणून दुसरी बायको हा धर्माचा भाग आहे, असा एक मुद्दा होता. छागलांनी त्याला दिलेलं उत्तर फार शहाणपणाचं आहे. त्यांचं म्हणणं असं, की पुत्राची गरज ज्या धर्माने मानली त्याच धर्माने दत्तकाचीही सोय करून ठेवली आहे. तेव्हा एका बायकोतही वंश चालू शकतो. वकील मंडळींमध्ये हा खटला दुसऱ्याच कारणासाठी गाजतो, ते आज सोडून देऊ.

इथपर्यंत आपण १९५१ला आलो. बाईच्या पाठीवरची मुदत कायद्याने पुसली. र. धों. कर्व्यांनी तर त्याच्या तीस वर्षं आधी, १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, आणि मूल नको हाही माणसाने विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो हे स्वतः जगून दाखवलं होतं. ‘नको’ म्हणणाऱ्याला तिथून एक भाषा मिळाली. ‘हवं होतं, पण आता पुरे’ असं म्हणणाऱ्याला मात्र भाषा मिळाली नाही. ती अजूनही नाही.

आता येतं १९७८. २५ जुलै, इंग्लंडमधलं ओल्डहॅम, लुईस ब्राऊन जन्माला आली. पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी नावाची एक बाई, जिचं नाव नेहमी विसरलं जातं. एडवर्ड्सना पुढे २०१०मध्ये नोबेल मिळालं. ही गोष्ट यशाची म्हणून सांगतात. पण त्यांच्या वह्या पुढे अभ्यासकांनी तपासल्या. १९६९ ते १९७८ या काळात एकूण २८२ बायका या प्रयोगासाठी आल्या होत्या. कित्येक जणी पुन्हा पुन्हा आल्या. जिवंत मुलं किती झाली? दोन. पहिली लुईस, आणि दुसरा पुढच्या जानेवारीत जन्मलेला एक मुलगा. उरलेल्या २८० बायका घरी गेल्या. त्यांचे फोटो कुठे नाहीत. इतिहास लिहिणाऱ्याला त्या दोघी दिसतात, पण आज कुठल्याही दवाखान्यातल्या बाकावर जी बसलेली असते तिची खरी बहीण त्या २८० मध्ये आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तीच लोकांना माहीत नसते. ही पद्धत वयासाठी शोधलेली नव्हती. लुईसच्या आईच्या गर्भनलिका बंद होत्या. बीज चांगलं, गर्भाशय चांगलं, मधला रस्ता बंद. म्हणून बीज बाहेर काढून, काचेच्या बशीत फळवून, रस्ता टाळून आत ठेवायचं. आपल्या देशात क्षयामुळे नलिका खराब झालेल्या बायका पुष्कळ, त्यांना हे वरदानच होतं. रस्ता बंद असेल तर बायपास करता येतो. पण गाडीतलं इंधनच संपत आलं असेल तर बायपास काय कामाचा? आयव्हीएफ रस्ता बदलतं, घड्याळ मागे फिरवत नाही. हे एकदा नीट कळलं की निम्मा गोंधळ कमी होतो.

भारतातली गोष्ट तुम्हाला थोडी माहीत असेल. लुईसनंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ला, कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी दुर्गा नावाच्या मुलीच्या जन्माची बातमी दिली. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं. पुढे डोळ्यांच्या संस्थेत बदली केली. १९ जून १९८१ला त्यांनी आत्महत्या केली. मग ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईत, परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा जन्मली, आणि ‘देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणून घराघरात पोचली. तिच्यामागचे शास्त्रज्ञ होते डॉ. टी. सी. आनंदकुमार. याच आनंदकुमारांनी १९९७मध्ये मुखोपाध्यायांची टिपणं तपासली आणि पहिला मान माझा नाही, त्यांचा आहे, असं लिहून जाहीर केलं. स्वतःच्या नावावरचा पहिला नंबर स्वतःच्या हाताने खोडणारा माणूस. विषयाला सोडून आहे, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

वयाचा मुद्दा तंत्रात शिरला तो नंतर. अमेरिकेत मार्क सॉअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०मध्ये दाखवलं की चाळिशीपुढच्या बाईला तरुण बाईचं बीज दिलं तर तिला दिवस राहतात. अडचण गर्भाशयाच्या वयाची कमी आणि बीजाच्या वयाची जास्त, हे त्यातून उघड झालं. डॉ. हिंदुजांनी २४ जानेवारी १९९१ला देशातलं पहिलं दात्या बीजापासूनचं मूल जन्माला घातलं. म्हणजे त्या दिवसापासून, मंडळी, आपल्या देशात बेचाळीस वर्षांच्या बाईची गोष्ट संपायची थांबली.

बीजाचं गणित असं आहे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याजवळ दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. नवी तयार होत नाहीत. सदतिशीच्या पुढे साठा झपाट्याने उतरतो, आणि उरलेल्यात दोष असलेल्यांचं प्रमाण वाढतं. म्हणून चाळीस-बेचाळिशीत स्वतःच्या बीजाने केलेल्या एका प्रयत्नात मूल घरी येण्याची शक्यता साधारण दहात एक. चव्वेचाळिशीच्या आसपास वीसात एक किंवा त्याहून कमी. राहिलं तरी या वयात तीनातलं एक जातं, पुढे अर्ध्यावर जातं. आता दहात एक म्हणजे काय? तीनदा केलं तर तीस टक्के झालं, असं लोक धरतात. तसं होत नाही. शक्यता तीनही वेळा तेवढीच राहिली असं धरलं, तरी शंभरातल्या त्र्याहत्तर जणी तीन प्रयत्नांनंतर रिकाम्या हाताने घरी येतात. आणि ती तेवढीच राहत नाही, दर वर्षी उतरते. “दोनदा हुकलं, आता तिसऱ्यांदा लागेलच” हा विचार पत्त्यांच्या टेबलावरचा आहे. दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवं की शंभरातल्या सत्तावीस जणींच्या मांडीवर मूल असतं. त्यांना वेडं कोण म्हणेल?

आता जे सांगणार आहे ते माझ्या पत्नीची परवानगी घेऊन सांगतोय. ती इथे तिसऱ्या रांगेत बसलीय, आणि मी काही चुकलो तर घरी गेल्यावर मला कळेल.

आम्हाला मूल नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही मुंबईला खेपा घातल्या. धुळ्याहून रात्रीची एसटी, पहाटे उतरून डोंबिवलीला चुलतभावाचं घर, तिथून लोकल. सुट्ट्या जुळवून तीन वेळा केलं. पहिल्यांदा ती एकोणचाळीस, तिसऱ्यांदा एक्केचाळीस. शक्यता किती हे आम्हाला कुणी आकड्यात सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. वर्गात पोरांना तर्कशास्त्र शिकवणारा माणूस मी, तिथे गेलो की हात जोडून बसायचो. तिसऱ्यांदा रिपोर्ट आला, आम्ही परत आलो, आणि त्यानंतर पुन्हा तिकीट काढलं नाही. बस. कुणी काही बोललं नाही. त्याला निर्णय म्हणायचं का? मी बरीच वर्षं म्हणत होतो, आम्ही थांबायचं ठरवलं. खोटं आहे ते. आम्ही काहीच ठरवलं नाही. फक्त पुढची सुट्टी आली आणि गेली.

दहाएक वर्षांनी, कुणाच्या तरी बारशाहून परत येताना, ती म्हणाली, “तिसऱ्यांदा मी तुमच्यासाठी आले होते. माझं दुसऱ्याच वेळी झालं होतं.” मी म्हटलं, “अगं, मी तुझ्यासाठी गेलो होतो.” त्यानंतर घर येईपर्यंत दोघंही गप्प. त्या तिसऱ्या वेळची इंजेक्शनं तिच्या अंगावर गेली, तिचं पोट सुजलं, आणि ते दोघांपैकी कुणालाच नको होतं. एकमेकांवरच्या प्रेमाने ते झालं, असं म्हटलं तर बरं वाटतं. पण विचारलं असतं तर झालं नसतं.

फोनवर ती मुलगी म्हणाली, “हे म्हणतात, तू म्हणशील तसं,” तेव्हा मला हेच आठवलं. ‘तू म्हणशील तसं’ हे वाक्य ऐकायला फार उदार आहे. त्यात सगळं ओझं एकटीवर टाकलेलं असतं. मी तिला एवढंच विचारलं, “त्याला काय हवंय, हे तुला ठाऊक आहे का?” ती जरा वेळ गप्प राहिली.

नेदरलँडमध्ये तिम्स्त्रा नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९८९मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की नवं वैद्यकीय तंत्र एकदा उपलब्ध झालं की ते नाकारणं अवघड होतं, कारण माणूस उद्याच्या पश्चात्तापाची आजच धास्ती घेतो. ‘केलं असतं तर?’ हा प्रश्न म्हातारपणी छळेल, म्हणून आज करून टाकायचं. म्हणजे मूल होईल या आशेपेक्षाही, सगळं करून पाहिलं असं स्वतःला सांगता यावं, म्हणून माणूस जातो. हे मला पटतं. आणि यात चूक आहे असंही मी म्हणत नाही. दहात एक शक्यता ठाऊक असून एखादी बाई म्हणाली, की मला शेवटचा एक प्रयत्न निरोप घ्यायला हवाय, तर ते कारण म्हणून पुरेसं आहे. फक्त तो निरोप आहे हे स्वतःशी आणि नवऱ्याशी आधी बोललेलं असावं. कारण निरोपाचा प्रयत्न म्हणून गेलेली माणसंही तिथून ‘आणखी एक’ घेऊन परततात. गोठवून ठेवलेला गर्भ असतो, नवीन औषध आलेलं असतं, मैत्रिणीची चौथ्यांदाची गोष्ट असते. या रस्त्यावर थांब्याची पाटी कुठेच नाही.

कायदा काय म्हणतो? २०२१चा सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा जानेवारी २०२२पासून लागू झाला. बाईचं वय २१च्या वर आणि ५०च्या आत, पुरुषाचं ५५च्या आत. बीज देणारी बाई २३ ते ३५ वयाची, तीही आयुष्यात एकदाच. बेचाळीसला तुमच्यासमोर आठ वर्षं उघडी आहेत असा याचा अर्थ निघतो, आणि काही लोक तो तसा काढतात. कायद्याने बाहेरचं कुंपण घातलंय. आतलं कुंपण घालणं त्याचं कामही नाही. पण त्याच कायद्यात एक चांगली गोष्ट आहे. यशाची शक्यता, खर्च, धोके, सगळं समजावून सांगून जोडप्याला विचारपूर्वक ठरवायला मदत करणं हे दवाखान्याचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. तेव्हा विचारा. मी विचारलं नव्हतं, तुम्ही विचारा. “माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या किती जणी तुमच्याकडे आल्या, आणि किती जणींनी मूल घरी नेलं?” दिवस राहिले किती हे नाही, घरी नेलं किती. या दोन आकड्यांत चाळिशीनंतर फार अंतर असतं.

आणि दत्तकाचं घड्याळ. याबद्दल गावात कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. २०२२च्या नियमांप्रमाणे, दत्तक प्राधिकरणाकडून दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर नवराबायकोच्या वयाची बेरीज ८५च्या वर नको. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०. चार ते आठसाठी १००. वय धरतात ते नोंदणीच्या दिवशीचं. आता माझ्या विद्यार्थिनीचं बघा. ती बेचाळीस, नवरा पंचेचाळीस, बेरीज सत्त्याऐंशी. तान्ह्या बाळाचं दार तिच्यासाठी बंद झालंय, आणि ते बंद झालं तेव्हा ती दुसऱ्या प्रयत्नाच्या तयारीत होती, तिला पत्ताही नव्हता. दोन ते चारचं दार उघडं आहे. पण एक वर्ष गेलं की बेरजेत दोन वाढतात. दोन वर्षांनी एक्क्याण्णव होतील आणि तेही दार लागेल. नोंदणी केल्यावर मूल हाती यायला पुढे काही वर्षं लागतात ती वेगळी. अप्पासाहेबांचा दत्तक डलहौसीने मानला नाही. इथे डलहौसी कुणी नाही, पण उशिराची किंमत आहेच.

हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “सर, नोंदणी केली म्हणजे मी हरले असं नाही का होणार?” मी तिला सावित्रीबाईंचं त्या वेळचं वय सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं. ती दरवर्षी ३ जानेवारीला शाळेत भाषण करते.

दात्याच्या बीजाबद्दलही तिने विचारलं. त्यात शक्यता पुष्कळ चांगली, दहात तीन-चार. पण चाळिशीतल्या बाळंतपणात रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढतो, तो बीज कुणाचंही असलं तरी राहतो. ‘ते माझं असेल का?’ या प्रश्नावर मी तत्त्वज्ञानातलं बरंच बोलू शकतो. पण यशवंत कुणाचा होता, याहून वेगळं काही मला सुचलं नाही.

परवा तिचा पुन्हा फोन आला होता. दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत बसले म्हणाली. नवऱ्याला काय हवंय ते तिला कळलं. काय ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतलीय, आकडे विचारायला. त्यापुढचं त्यांचं ते बघतील.

माझी वेळ होऊन गेलीय, दोंडाईच्याकडे जाणारे लोक घड्याळ बघतायत. प्रश्न घेऊ. त्या मागच्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, माईक जरा तिकडे द्या.